पडल्यानंतरची शर्यत



‘हौशी’ हा शब्द आपण मराठीत थोडासा हसूनच उच्चारतो. हौशी नट, हौशी गवई म्हटले की, या गृहस्थाचे फारसे मनावर घेऊ नये, असा एक सूर त्या शब्दामागून हळूच ऐकू येतो. आणि तरीही ‘हौसेला मोल नाही’ ही म्हणही आपलीच. तिचे दोन अर्थ होतात. हौसेसाठी माणूस किती खर्च करील याचा हिशेब नसतो, हा एक. आणि त्या हौसेबद्दल त्याला कोणी छदामही देत नाही, हा दुसरा. ज्या हौशी मंडळींना हे दोन्ही अर्थ एकदमच कळतात, आणि तेही कधी कधी रस्त्यावर आडवे पडल्या पडल्या, अशांविषयी मी आज बोलणार आहे. ही मंडळी म्हणजे सायकलच्या शर्यतीत उतरणारे हौशी सायकलपटू.

एके काळी या ‘हौशी’ शब्दाला फार मोठा मान होता. ऑलिंपिकमधील सायकल-शर्यती कित्येक दशके केवळ हौशी खेळाडूंसाठीच होत्या. धंदेवाईकांना तेथे प्रवेश मिळाला तो १९९६ साली, अटलांटाच्या स्पर्धेत. स्वतंत्र भारताचा सायकल-संघ १९४८ साली लंडनला गेला, त्यात मुंबईच्या पारशी तरुणांचा भरणा होता, आणि ते सारे हौशीच होते. आज ती सक्तीची मर्यादा उरली नाही. तरीही आपल्या देशात जागोजागी रविवारच्या पहाटे जी माणसे दिवा लावून सायकलवर निघतात, त्यांच्या कमाईचा मार्ग दुसराच असतो. कोणी कारखान्यात पाळी करतो, कोणी बँकेत बसतो, कोणी वैद्यकी करतो, कोणी अजून शिकतो आहे.

नोकरीच्या निमित्ताने माझे काही दिवस चेन्नईच्या उत्तरेस गुम्मिडिपूंडीला गेले. चेन्नईहून सुमारे ४५ किलोमीटरवरचे, तिरुवळ्ळूर जिल्ह्यातले हे गाव. चेन्नईची उत्तरेकडे जाणारी उपनगरी गाडी येथपर्यंत येते. पुढे थोड्याच अंतरावर आंध्रची सीमा आहे. गावाला लागून मोठी औद्योगिक वसाहत आहे, लोखंड-पोलादाचे कारखाने आहेत. पूर्वेला पुलिकतचे विस्तीर्ण खारे सरोवर आणि त्यापलीकडे समुद्र. चेन्नईहून कोलकात्याकडे जाणारा राजमार्ग येथूनच जातो. शहरातील बहुतेक सायकलस्वार दक्षिणेची वाट धरतात, समुद्रकाठाने महाबलीपुरमकडे. काहीजण मात्र उत्तरेकडे वळतात. पुळल, रेड हिल्स, कारनोडै, कवरैपेट्टै अशी गावे मागे टाकीत ते गुम्मिडिपूंडीच्या बाजूला येतात. दिवस वर आला की येथे उन्हाचा तडाखा असा बसतो की, जे काही करायचे ते सकाळी आठाच्या आत.

मुंबई-पुणे सायकल-शर्यतीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा रस्ता प्रथमदर्शनी काहीसा बेचव वाटतो. आपल्या मनात शर्यत म्हणजे बोरघाट. तो चढ, ती वळणे, आणि घाटमाथा प्रथम गाठणाऱ्याला मिळणारे ‘घाटाचा राजा’ हे बिरुद. घाट निकाल लावून टाकतो. ज्याच्या छातीत दम आहे तो पुढे जातो आणि बाकीचे आपोआप पांगतात. गुम्मिडिपूंडीच्या रस्त्याला चढ म्हणावा असा फक्त उड्डाणपुलाचा. येथे कोणी पांगत नाही. तीस-चाळीस जणांचा घोळका शेवटपर्यंत एकत्र धावतो, आणि तेथेच खरी मौज आहे व खरा धोकाही.

मौज अशी की, वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्ची पडते. पुढच्याच्या आडोशाला राहिले की मागच्याचे श्रम चतुर्थांशाने, कधी त्याहूनही अधिक कमी होतात. म्हणून घोळक्यातील प्रत्येकजण आळीपाळीने पुढे होतो, थोडा वेळ वारा अंगावर घेतो आणि मग बाजूला होऊन शेपटाला लागतो. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेली माणसे अशी एकमेकांचा भार वाहतात. शेवटच्या किलोमीटरपर्यंत सहकार्य आणि त्यानंतर स्पर्धा, असा हा चमत्कारिक खेळ आहे.

धोका याच जवळिकीत आहे. आडोसा मिळवायचा तर तुमचे पुढचे चाक समोरच्याच्या मागच्या चाकापासून वीतभरच दूर ठेवावे लागते. त्यातून सकाळ थोडी वर आली की समुद्राकडून वारा सुटतो. उत्तरेकडे जाणाऱ्यांना तो उजव्या अंगाने लागतो. मग आडोसा मागे न मिळता तिरका, डावीकडे मिळतो. घोळका रस्त्यावर तिरपा पसरतो, आणि शेवटच्या माणसांना रस्त्याची कडच उरते. अशा वेळी एखाद्याचे पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाशी समांतर येते. पुढचा खड्डा चुकवण्यासाठी चार बोटे सरकतो. चाकाला चाक लागते. पुढच्याला कित्येकदा पत्ताही लागत नाही आणि मागचा मात्र जमिनीवर असतो. त्याच्यावर आणखी चार-सहा जण.

अशाच एका सकाळी त्या चार-सहांमध्ये मी होतो. त्यात कोणाचा दोष काढावा असे काही नव्हते. मालमोटारीतून सांडलेली खडी होती, वारा होता, आणि पुढे तीन सायकली आधीच आडव्या झाल्या होत्या. पडताना माणूस खांद्यावर येतो, आणि खांद्यावर बसलेला धक्का गळ्याखालच्या हासळीच्या हाडात जाऊन उतरतो. सायकलस्वारांची जी हाडे मोडतात त्यांत याचा क्रम फार वरचा. माझेही तेच मोडले. पुढे गेलेली मंडळी शर्यत सोडून परत फिरली. कोणी वाहने थोपवली, कोणी पाणी दिले, कोणी घरी दूरध्वनी केला. ज्याने माझा हात दुपट्ट्याने गळ्यात बांधला, त्याला हिंदी येत नव्हते आणि मला तमिळ बेताचेच. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारीत होता, ‘मेदुवा, मेदुवा.’ म्हणजे ‘सावकाश, हलके हलके.’ आपण उपाहारगृहात मिटक्या मारीत खातो त्या मेदूवड्यातला मऊ ‘मेदु’ तो हाच. एवढा गोड शब्द इतक्या दुःखद प्रसंगी भेटावा याची मला त्या अवस्थेतही गंमत वाटली. पुढच्या चार महिन्यांचे सारे शास्त्र त्या एका शब्दात सामावलेले आहे, हे मात्र नंतर उमगले.

पडलेल्या सायकलपटूला भेटायला येणारे लोक त्याला शूरांच्या कथा सांगतात. त्यांतली अत्यंत प्रसिद्ध कथा फिओरेन्झो माग्नी या इटालियन वीराची. १९५६ सालच्या इटलीच्या महाशर्यतीत त्याचे हासळीचे हाड मोडले. डाव्या हाताने हँडल ओढता येईना, म्हणून त्याने सायकलची एक ट्यूब हँडलला बांधली, तिचे टोक दातांत धरले आणि तसाच तो चढ चढला. पुढे पुन्हा पडला, दंडाचे हाडही जायबंदी झाले. तरी शर्यत पुरी करून तो दुसरा आला. दातांत ट्यूब धरलेले त्याचे छायाचित्र पाहिले की आजही अंगावर काटा येतो.

माग्नीच्या धैर्याला माझा नमस्कार आहे. पण तो धंदेवाईक होता, वयाने पस्तिशीचा, आणि ती त्याची अखेरची इटालियन महाशर्यत होती. आपण ज्या माणसाविषयी बोलत आहोत त्याला सोमवारी कारखान्यात जायचे आहे, मुलाला कडेवर घ्यायचे आहे, घराचे हप्ते भरायचे आहेत. त्याच्यामागे संघाचा वैद्य नाही की मालिश करणारा नाही. अशाने माग्नीचा कित्ता गिरवला तर त्याला शौर्य कोण म्हणेल? हौशी माणसाच्या शौर्याची कसोटी वेगळी आहे. वेदना सोसून धावणे त्याला एक वेळ जमते. वेदना थांबल्यावरही न धावणे हे खरे अवघड.

कारण शरीराचे प्रत्येक खाते स्वतःच्या गतीने चालते. खरचटलेली कातडी दोन आठवड्यांत भरते. मोडलेली हासळी प्रौढ माणसात सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि ती पुरती बळकट व्हायला त्याहूनही अधिक. मेंदूला हिसका बसला असेल तर वरून काहीच दिसत नाही. अशा माणसाने पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, मग पायरी-पायरीने हालचाल वाढवावी, डोके दुखू लागले तर एक पायरी खाली यावे आणि वैद्याने परवानगी दिल्याखेरीज शर्यतीचे नाव काढू नये. आपटलेले शिरस्त्राणही पुन्हा वापरायचे नसते. त्यातला फेस एकदाच चेपण्यासाठी असतो. चेपला की त्याचे काम संपले. २००३ च्या मार्चमध्ये आंद्रेई किव्हिलेव्ह हा कझाक सायकलपटू फ्रान्समधील एका शर्यतीत डोक्यावर पडून दगावला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्याच वर्षी मोठ्या शर्यतींत ते सक्तीचे झाले. एवढा नियम होण्यासाठी एक तरुण जीव जावा लागला.

आणि नुसते पडून राहणे हेही औषध नव्हे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्याचा एक प्रयोग झाला. तेवढ्या अवधीत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती चतुर्थांशाहून अधिक घटली. त्यानंतर आठ आठवडे नेमाने व्यायाम करविला, तेव्हा ती पूर्वीच्याही वर गेली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले गेले; आणि तीस वर्षांच्या वार्धक्याने केले नव्हते इतके नुकसान त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते, असे आढळले. म्हणून आता वैद्य म्हणतात, हात झोळीत असेना का, पाय तर मोकळे आहेत. चाला, आणि मुभा मिळाली की घरातल्या स्थिर सायकलवर बसा. मीही भिंतीकडे तोंड करून कित्येक तास पायटे मारले. जागचे न हलता घाम गाळण्यात एक प्रकारचा वैराग्ययोग आहे, हे अनुभवाने सांगतो.

हाड सांधते, दम परत येतो. सर्वांत शेवटी परतते ते मन. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. घोळक्यात पुन्हा शिरल्यावर समोरचे चाक वीतभर अंतरावर आले की बोटे आपोआप ब्रेककडे जातात, आणि घोळक्यात अवचित दाबलेला ब्रेक हाच दुसऱ्यांच्या पडण्याला कारण होतो. यावर उपदेशाचा उपयोग होत नाही. प्रथम एकट्याने, मग एका विश्वासू सोबत्याच्या मागे, मग चौघांत, असेच यावे लागते. येथे जुन्या मंडळींचीही परीक्षा असते. परतलेल्यासाठी ती आपला वेग किंचित कमी करतात, आणि ‘तुझ्यासाठी केला’ असे बोलून दाखवीत नाहीत.

किती काळ लागावा? कोलंबियाचा एगान बर्नाल याने २०१९ साली फ्रान्सची महाशर्यत जिंकली. २०२२ च्या जानेवारीत सराव करताना तो उभ्या असलेल्या बसवर आदळला; सुमारे वीस हाडे मोडली. सात महिन्यांनी तो पुन्हा शर्यतीत दिसला, पण घोळक्याच्या शेपटाला. युरोपातील एखाद्या मोठ्या शर्यतीचा टप्पा त्याने पुन्हा जिंकला तो २०२५ च्या सप्टेंबरात, स्पेनमध्ये. मध्ये साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला. जगातले उत्तमोत्तम वैद्य दिमतीला असलेल्या माणसाची ही कथा. मग पाळी सांभाळून पहाटे उठणाऱ्याने तीन महिन्यांत अधीर का व्हावे?

एक प्रश्न मात्र वैद्याकडे नेता येत नाही. तो घरात विचारला जातो, बहुधा जेवताना आणि हलक्या आवाजात. ‘आता पुरे नाही का?’ विचारणाऱ्याने इस्पितळाच्या बाकावर रात्र काढलेली असते, तेव्हा त्याला हसून उडवून लावणे हा कृतघ्नपणा होय. काहीजण त्या प्रश्नाला मान देऊन शर्यत सोडतात आणि सायकलवर बाजारहाट करतात. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही. काहीजण परततात, घरच्यांशी वेळेचा आणि वेगाचा करार करून. पुनरागमनाचा अर्थ पूर्वीच्याच जागी परत येणे, असा मुळी नाही. जो परत येतो तो दुसराच माणूस असतो. त्याला दुसऱ्याच्या चाकापासून किती अंतर ठेवावे हे कळते, आणि एखादा पडला तर आपण थांबायचे, हेही कोणी सांगावे लागत नाही.

सायकलच्या शर्यतीत पहिला येणारा एकच. घोळक्यातील इतर सारे हरण्यासाठीच आलेले असतात, आणि तरीही पहाटे चारला उठून येतात. मला वाटते, हौशीपणाचे मर्म येथे आहे. ज्या शर्यतीत बक्षीस नाही तिच्यातून बाहेर पडल्याने काही बुडत नाही. म्हणूनच तिच्यात परतायचे की नाही हे माणसाने पुरता बरा झाल्यावर, शांतपणे आणि आपल्या माणसांना विचारून ठरवावे. तोवर एक वेगळी शर्यत चालू असते. तिच्यात रस्ता नाही, घोळका नाही, आणि जो घाई करील तो हरतो. तो तमिळ सोबती म्हणाला तसे, मेदुवा, मेदुवा.