जावक क्रमांक होता रे त्यावर

आवाज जरा बसलाय, सर्दी झालीये, तेवढं सांभाळून घ्या. आज एआयवर बोलू असं मागच्या वेळी म्हणालो होतो. ते पुढे ढकलतो, एआय कुठे पळून जात नाहीये. आज घरची गोष्ट सांगणार आहे. बाबांना विचारलं, सांगू का? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "नाव घेऊ नकोस. बाकी सांग." तर नाव नाही, बाकी सगळं आहे.

१ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने 'डिजिटल अरेस्ट'च्या देशभरातल्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला, ही बातमी तुम्ही वाचली असेल. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वयस्कर जोडप्याचे एक कोटीच्या वर पैसे गेले होते, त्यांनी कोर्टाला पत्र लिहिलं आणि कोर्टाने ऑक्टोबरमध्ये स्वतःहून दखल घेतली. बातमी आली त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये हाच विषय. एक जण म्हणाला, "यार, शिकलेली माणसं फसतात कशी?" सगळे हसले. मीपण हसलो. तीन आठवड्यांपूर्वी माझे बाबा फसले होते आणि टेबलावर कुणालाच ते माहीत नव्हतं.

बाबा सरकारी खात्यात चौतीस वर्षं लिपिक होते. आमच्या कराडकडे अशा माणसाला सगळे 'भाऊसाहेब' म्हणतात. आवक-जावक, टिपणी, फाइल, शिक्का. घरात लाइट बिलाच्या पावतीवरसुद्धा तारीख टाकून सही करणारा माणूस. कुणाचा चहा फुकट प्यायले नाहीत, हे मी मुलगा म्हणून नाही, आईच्या तक्रारीवरून सांगतोय.

नोव्हेंबरमधला मंगळवार. सकाळी साडेनऊला रेकॉर्ड केलेला फोन: तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. बाबांनी नऊ दाबला. पुढच्या माणसाने सांगितलं की तुमच्या आधारवर मुंबईत एक खातं उघडलंय, त्यात मनी लाँडरिंगचे पैसे आलेत, मुंबई क्राइम ब्रांचशी बोला. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. गणवेशातला माणूस, मागे बोधचिन्ह, शेजारी वायरलेसचा आवाज. "सर, तुम्ही सज्जन दिसता. पण प्रकरण गुप्त आहे. घरात कुणाला सांगितलंत तर त्यांचीही नावं येतील. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही."

बाबांनी खोलीचं दार लावून घेतलं.

आता इथे माझा नंबर लागतो. सकाळी अकराला आईचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो. आपल्या फोनमध्ये ते तयार उत्तर असतं ना, 'आत्ता बोलू शकत नाही, नंतर करतो', ते पाठवलं. नंतर केला नाही. विसरलो. मीटिंग कशाबद्दल होती ते पुढे सांगतो, कारण तो भाग ऐकायला मलाही आवडणार नाहीये.

तोपर्यंत खोलीत बाबांनी पन्नास हजार पाठवले होते. 'पडताळणीसाठी. चोवीस तासांत परत.' उरलेली नऊ लाखांची एफडी दुसऱ्या दिवशी बँक उघडली की मोडायची असं ठरलं होतं. रात्रभर कॅमेरा चालू ठेवायचा हुकूम होता.

आम्हाला कुणी वाचवलं, तर एका झाडाने. दुपारी साडेतीनला गल्लीतल्या फांद्या तोडायच्या म्हणून वायरमनने वीज बंद केली. राउटर गेला. आमचं घर जुनं, दगडी, भिंती दोन-दोन फुटांच्या, आतल्या खोलीत मोबाइलला रेंज नाही. कॉल तुटला. बाबा घाबरून गच्चीवर पळाले, कारण साहेबांचा कॉल तुटला म्हणजे आता खरीच अटक. शेजारच्या गच्चीवर एक काका पापड वाळवत बसले होते. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, "काय भाऊसाहेब, एवढा घाम कशाचा?" आणि बाबा रडायला लागले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, सहा तास व्हिडिओवर बसायला कुठल्या पोलिसाला वेळ असतो? आमच्या चौकीत साधी तक्रार द्यायची तर दोनदा जावं लागतं."

बीटेक मी आहे, हे लक्षात असू द्या.

चार वाजता आईने पुन्हा फोन केला तेव्हा मी उचलला. मग १९३० वर फोन, व्यवहाराचा क्रमांक, पोर्टलवर तक्रार, दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशन. पन्नासातले अठरा हजार पुढच्या कुठल्यातरी खात्यात अडवले गेले, ते परत मिळायची प्रक्रिया चालू आहे. बाकीचे गेले. हा भाग मी पटकन सांगतोय कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. रांगा, झेरॉक्स आणि तेच तेच प्रश्न. तुमच्या घरी असं झालं तर पहिल्या तासात १९३०, एवढं मात्र लक्षात ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर उड्या मारतात.

मला पडलेला प्रश्न वेगळा होता. बाबांना हे माहीत नव्हतं का? तर होतं! ते 'मन की बात' चुकवत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी त्यातच सांगितलं होतं की कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नाही. थांबा, विचार करा, मग पाऊल उचला. अमिताभ बच्चनच्या आवाजातली ती कॉलर ट्यून तर देशाने इतकी ऐकली की शेवटी वैतागून बंद करावी लागली. बाबांनी पेपरातलं कात्रणसुद्धा काढून ठेवलं होतं. ते फाइलमध्ये होतं. फाइल त्याच खोलीत होती.

मी त्या रात्री गावी पोचलो आणि, लाज वाटते सांगायला, पहिलं वाक्य बोललो, "बाबा, तुम्हाला कळलं कसं नाही?" ते म्हणाले, "अरे, त्यांनी पत्र पाठवलं होतं. जावक क्रमांक होता रे त्यावर."

मी ते पत्र पाहिलं. इंग्रजीत चुका, शिक्का वाकडा, अशोकस्तंभ फोटोशॉपमधून ओढलेला. पण वर उजव्या कोपऱ्यात जावक क्रमांक, दिनांक, संदर्भ, सगळं जागच्या जागी. चौतीस वर्षं ज्या खुणेवर माणसाने कागद खरा मानला, ती खूण बरोबर होती. लोभामुळे लोक फसतात असं आपण समजतो. बाबांना कुणी पैसे दुप्पट करून देतो म्हटलं असतं तर त्यांनी पायरीवरून हाकललं असतं. ते फसले कारण ते सरकारी कागदाचा मान ठेवतात. वर्धमान ग्रुपचे एस. पी. ओसवाल, एवढे मोठे उद्योगपती, २०२४ मध्ये त्यांचे सात कोटी गेले. त्यांच्यासाठी ऑनलाइन खोटं सुप्रीम कोर्ट भरवलं होतं, खोट्या सरन्यायाधीशांसकट. मान ठेवणाऱ्या माणसासमोर देव्हारा मांडायचा, एवढंच.

आणि दुसरी गोष्ट घाई. मी बाबांना विचारत गेलो, मग काय म्हणाले, मग काय म्हणाले. प्रत्येक टप्प्यावर वेळ दिलेली होती. दोन तासांत नंबर बंद. अर्ध्या तासात उत्तर द्या. दहा मिनिटांत पडताळणी, नाहीतर वॉरंट. बाबा म्हणाले, "विचार करायला लागलो की तो घड्याळ दाखवायचा."

हे ऐकलं आणि मला थंडी वाजली. कारण मंगळवारी अकराची ती मीटिंग घड्याळाचीच होती.

मी एका खरेदीच्या ॲपवर काम करतो. नाव सोडा. तुम्ही वस्तू टोपलीत टाकली की वर लाल पट्टी येते: ही किंमत दहा मिनिटांसाठी राखून ठेवली आहे. ९:५९, ९:५८. ती पट्टी मी लिहिलीये. दहा मिनिटं संपल्यावर काय होतं? काहीही नाही. पान पुन्हा उघडलंत की परत दहापासून सुरू. सर्व्हरला त्या दहा मिनिटांचा पत्ताही नाही. सगळा खेळ तुमच्या फोनवर, माझ्या चाळीस ओळींमध्ये. त्या दिवशी चर्चा ही होती की शेवटच्या दोन मिनिटांत आकडे थोडे हलवायचे का. मी 'हलवू या, सोपं आहे' म्हणालो आणि त्याच वेळी आईचा फोन कापला.

आता गंमत बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहकाला फसवून, गोंधळवून किंवा लाजवून हवं ते करायला लावण्याचे तेरा प्रकार त्यात दिलेत. नको असलेली वस्तू टोपलीत हळूच सरकवणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणी बंद करायची वाट लपवणं. आणि यादीत पहिलाच प्रकार कोणता? खोटी घाई. जून २०२५ मध्ये त्यांनी ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करा. आमच्याकडे ती तपासणी एका एक्सेल शीटच्या रूपात आली आणि माझ्या भागाच्या ओळी माझ्याकडे आल्या. 'खोटी घाई आहे का?' या रकान्यात मी लिहिलं, 'नाही'. शेरा: 'टायमर वापरकर्त्याच्या सोयीसाठी आहे.' भाऊसाहेबांच्या मुलाला शोभेल असा शेरा. फक्त भाऊसाहेबांनी तो कधी लिहिला नसता.

तुम्ही म्हणाल, अरे, कुठे चपला-शर्टाची खरेदी आणि कुठे नऊ लाखांची एफडी! मान्य. मी कुणाला तुरुंगाची भीती घालत नाही. मी रात्रभर स्वतःला हेच समजावत होतो. पण कृती तीच आहे ना? माणसाला थांबू द्यायचं नाही, बाजूच्या माणसाला विचारू द्यायचं नाही, आकडे पळवत ठेवायचे. आमच्यासारख्या हजार ॲप्सनी दिवसातून दहा वेळा लोकांना लाल आकडे दिसले की बोट दाबायची सवय लावली. मग त्या सवयीचं पीक दुसरा कुणीतरी कापून नेतो. मी थोडं वाढवून सांगतोय का? असेल. बाबा तर आमच्या ॲपवरून काही घेतही नाहीत. पण मला ती पट्टी आता सरळ बघवत नाही.

अजून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. व्हिडिओवरचा तो माणूस. बाबा म्हणतात, तरुण होता, हिंदी स्वच्छ, मधूनमधून 'सर, पाणी घ्या' म्हणायचा. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांतून ५४९ भारतीय परत आणले होते, आठवतंय? थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलेली आणि म्यानमारच्या सीमेवरच्या वसाहतींमध्ये अडकवून ऑनलाइन फसवणूक करायला लावलेली मुलं त्यांत होती. त्यांनाही स्क्रिप्ट होती, टार्गेट होतं. बाबांशी बोलणारा तसा अडकलेला होता की एसीत बसलेला हरामखोर, मला कळायचा मार्ग नाही. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "पाणी घ्या म्हणत होता खरा." मला राग आला. त्यांना नाही आला. निदान त्या मुलाचा पासपोर्ट कुणीतरी काढून घेतला असेल. माझा तर ड्रॉवरमध्ये आहे.

पुण्याला परत आल्यावर मी तिकीट टाकलं: टायमर काढून टाकावा किंवा खऱ्या साठ्याशी जोडावा, मार्गदर्शक सूचनांच्या विरोधात आहे. एक्सेलमधलं माझं 'नाही' खोडून 'होय' केलं आणि मॅनेजरला मेल केला. ती भली बाई आहे, हे मनापासून सांगतो. तिने विचारलं, "आत्ताच का? शीट तर वर गेलीये." मी बाबांचं सांगितलं नाही. तत्त्व म्हणून नाही, मला कँटीनमधलं हसू आठवलं. तिकिटाला प्राधान्य मिळालं 'कमी'. दोन स्प्रिंट झाले, ते तिथेच आहे. नोकरी सोडायची धमकी वगैरे मी दिलेली नाही, घराचा हप्ता आहे. एवढं केलं की आकडे हलवायचं काम घेतलं नाही. ते शेजारच्या मुलाने दोन तासांत करून टाकलं.

बाबा आता अनोळखी नंबर उचलत नाहीत. ओळखीचेही थोडा वेळ वाजू देतात. गेल्या रविवारी मी घरी होतो. आई भाजी निवडत होती, बाबा पासबुक घेऊन बसले होते. एकदम म्हणाले, "तू कंपनीत नेमकं काय करतोस रे? मला कुणी विचारलं तर मी कॉम्प्युटर एवढंच सांगतो." मी म्हणालो, "बाबा, खरेदीचं ॲप आहे." ते म्हणाले, "हो, पण त्यात तू काय करतोस?"

मी म्हटलं, चहा टाकतो, आणि आत गेलो. हा भाग ते ऐकणार आहेत. शनिवारी जातोय गावी.

चला, भेटू.