यंत्र जपू, हुन्नरही जपू



श्री सिद्धेश्वरांच्या या सोलापूर नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीचा पाहुणचार गोड मानून घ्यावा.

गावाचा औद्योगिक वारसा सांगणारे संग्रहालय कसे असावे, हा आपल्या परिषदेचा विषय. तो सोलापुरात चर्चेला यावा, याचा मला अभिमान वाटतो. १८६० मध्ये इथे रेल्वे आली, १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्यावर गावाचा दिवस चालू लागला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात माग बसवले, तिथल्याच घराघरांतून बायका विड्या वळू लागल्या. स्वातंत्र्यलढा चिरडण्यासाठी मे १९३० मध्ये इंग्रजांनी या कामगारांच्या गावावर मार्शल लॉ लादला. त्याच लढ्यात १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. गिरण्यांचा इतिहास आणि हुतात्म्यांचा इतिहास इथे वेगळा काढता येत नाही. संग्रहालयातही तो एकत्रच दिसला पाहिजे.

भौगोलिक मानांकन मिळालेली आमची चादर आपण सर्वांनी पाहिली आहे. ती विणणाऱ्या मागाच्या डोक्यावर जेकार्ड नावाचे यंत्र बसवलेले असते. त्यावरून छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जिथे छिद्र असेल, तिथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा धागा वर उचलला जातो. छिद्र नसेल तिथला धागा खालीच राहतो. मग मधून धोटा धावतो, पुढचा पुठ्ठा येतो आणि असे करत करत चादरीवर मोर उमटतो. काचेच्या पेटीत नुसता पुठ्ठा ठेवला, तर बघणाऱ्याला यातले काय कळणार? नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवणारा, त्याबरहुकूम छिद्रे पाडणारा, नुसत्या आवाजावरून मागातला बिघाड ओळखणारा माणूस तिथे हवा.

गिरण्या बंद पडल्या, यंत्रे मोडीत निघाली. जी उरली आहेत, ती पैसे खर्चून मिळवता येतील. हुन्नर मात्र विकत मिळत नाही आणि तो ज्यांच्या हातात आहे, ती पिढी आज थकली आहे. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, इमारतीच्या आराखड्याआधी या माणसांकडे गेले पाहिजे. संग्रहालयात एक तरी माग रोज चालावा आणि तो चालवणाऱ्या निवृत्त विणकराला सन्मानाने मानधन मिळावे. कामगारांच्या, विडी वळणाऱ्या मायभगिनींच्या आठवणी तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, ज्या भाषेत त्या सांगतील त्याच भाषेत ध्वनिमुद्रित व्हाव्यात.

अभ्यासकांनी या कामाची पद्धत आम्हाला शिकवावी, ही विनंती. आणि सोलापूरकरांनो, घरातला जुना धोटा, हजेरीचे कार्ड, पगाराची पावती, संपाचे पत्रक भंगारात टाकण्याआधी आम्हाला दाखवा. ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा गिरणीत होते, त्यांनी आज घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसावे आणि त्यांचे काम त्यांच्याकडून समजून घ्यावे.