कान्होबाचा वाटा

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! आई मुक्ताबाई की जय!

बसा, माय-बाप हो, बसा. मागची मंडळी थोडी पुढं सरका, बायांना वाट द्या. आजचा विषय ऐकून काही जुने माळकरी म्हणतील, महाराज, सप्त्याच्या कीर्तनात बँक आणि शेअर कुठून आले? मला सांगा, तुमच्या हातात टाळ आहे, मुखात नाम आहे, पण डोक्यात काय चाललंय? कापूस आज विकू का महिनाभर थांबू? केळीचे पैसे आले ते कुठं ठेवू? पोरगा मोबाईल दाखवतो, म्हणतो, आबा, शेअर घ्या. मन तिकडं आणि टाळ इकडं, मग ताल कसा लागायचा? म्हणून आधी तिकडचं मिटवू, मग मोकळ्या मनानं नाम घेऊ.

आपल्या संप्रदायाला पैशाचा व्यवहार अनोळखी नाही. तुकोबाराय वाण्याचं दुकान चालवणारे, घरात महाजनकी, सावकारी. दुष्काळ पडला, दुकान बसलं, घरातली माणसं गेली. तेव्हा महाराजांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण पुढचा भाग आपण घाईत विसरतो. खतांचे दोन वाटे केले. एक वाटा धाकट्या भावाचा, कान्होबाचा. बुडवली ती आपल्या वाट्याची. भावाचा वाटा भावाच्या हातात दिला.

बघा, केवढा विवेक आहे! ज्यांचं मन पुरतं विरक्त झालं होतं, त्यांनीसुद्धा दुसऱ्याचा वाटा पाण्यात टाकला नाही. आणि आपण? आपण विरक्त नाही, लोभात आहोत, आणि पाण्यात टाकतो तो कान्होबाचाच वाटा!

कान्होबाचा वाटा म्हणजे काय? तुमच्या नावावर आहे, पण तुमचा नाही असा पैसा. जूनमध्ये बियाणं-खत घ्यायचंय, तो पैसा जमिनीचा. पोरीचं लग्न ठरतंय, तो पोरीचा. म्हातारीचं डोळ्यांचं ऑपरेशन आहे, तो म्हातारीचा. नोकरीतून सुटताना एकरकमी मिळाला, तो तुमच्या आणि घरच्या माऊलीच्या म्हातारपणाचा. हे सगळं बाजूला काढून उरेल तो तुमचा वाटा. धोका पत्करायचा तर त्यात पत्करा. तो बुडाला तर दोन दिवस जेवण गोड लागणार नाही, पण चूल बंद पडणार नाही.

आता एक दृष्टांत ऐका, आपल्याच कापसाचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. मग मागणी कुणाला? हिंदुस्थानच्या कापसाला. आपलं खानदेश, तिकडं वऱ्हाड, सगळीकडं भाव तिप्पट-चौपट झाला. कापूसपट्ट्यात गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, असं जुने लोक सांगतात. मुंबईत तर पैसा ठेवायला जागा उरली नाही. समुद्र हटवून जमीन करणारी बॅकबे नावाची कंपनी निघाली. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. वकील, कारकून, दुकानदार, सगळे त्यात. हातात पैसा नसला तरी मुदतीचे सौदे करायचे, आज घेतला आणि १ जुलैला पैसे देतो म्हणायचे.

आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये काय झालं? तिकडचं युद्ध संपलं! जग म्हणालं, बरं झालं, शांती आली. मुंबईत मात्र रडारड. कापूस कोसळला, शेअर कोसळले. १ जुलै उजाडला आणि देणाऱ्यांच्या हातात द्यायला काही नव्हतं. प्रेमचंद रायचंद, ज्यांच्या देणगीतून पुढं मुंबईचा राजाबाई टॉवर उभा राहिला, एवढा मोठा माणूसही त्यात बुडाला. बँक ऑफ बॉम्बेसारखी बँक १८६८ पर्यंत गुंडाळावी लागली.

विचार करा, माऊली. युद्ध कुणाचं, थांबवलं कुणी, आणि बसलं कोण? बातमी आपल्या हातात नसते. तेव्हा बातमी यायला आठवडे लागत, आता रात्री दोन वाजता मोबाईल वाजतो, एवढाच फरक. परवाचंच बघा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावला. त्याच महिन्यात दिल्लीनं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत नेली. निर्णय वॉशिंग्टन-दिल्लीचा, धास्ती धरणगाव-शिरपूरच्या शेतकऱ्याला. त्याच वर्षी दहा ग्रॅम सोनं लाखाच्या वर गेलं. लगेच जळगावच्या सराफ बाजारात गर्दी, आता घेतलं नाही तर राहिलं! अहो, चढलेला भाव बघून धावणारा आणि पडलेला भाव बघून पळणारा, दोघांचाही पाय एकाच खड्ड्यात. लेकी-सुनेला दागिना करा, हौसेनं करा. पण घडणावळ आणि घट वजा जाते हे लक्षात ठेवा. दागिना म्हणजे लेणं, त्याचा हिशेब वेगळा.

आणि ते मुदतीचे सौदे गेले नाहीत बरं का! नाव बदलून आले. पोरं त्याला एफ अँड ओ म्हणतात, फ्युचर्स आणि ऑप्शन्स. सेबीनं २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब काढला. त्यात उतरलेल्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. शंभरातले ९३ ज्या वाटेनं पडतात, ती वाट तुमच्या पोराला मोबाईलवर सोपी करून दाखवतात. चांगल्या कंपनीचा शेअर, म्युच्युअल फंडात महिन्याला थोडे पैसे, दहा वर्षं हात न लावता, याला मी ना म्हणत नाही. पण आपल्या वाट्यातून. कर्ज काढून नाही, आणि कान्होबाच्या वाट्यातून तर मुळीच नाही.

आता जरा दुखऱ्या जागी हात लावतो. आपल्या जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था, सगळे तिला बीएचआर म्हणतात. गावोगावच्या शाखांत लोकांनी ठेवी ठेवल्या आणि त्या परत मिळेनात. २०१५ मध्ये संस्थापक आणि संचालकांना अटक झाली, संस्थेवर अवसायक नेमला गेला. २०२० च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी जळगावात छापे घातले. आरोप असा की, अडलेल्या ठेवीदारांच्या पावत्या कमी पैशात घेऊन बड्या कर्जदारांच्या कर्जात वळत्या केल्या. न्याय न्यायालय करील. मला बोलायचंय त्या पावतीबद्दल. कुणाच्या कपाटात आजही अशी पावती असेल, आणि ती कुणाच्या तरी औषधाचा पैसा होती. या मंडपात असं कुणी बसलं असेल तर त्याला हसू नका. त्यानं लोभ केला असं म्हणू नका. त्यानं शेजाऱ्याचं ऐकलं, ओळखीच्या माणसाचा शब्द मानला. विश्वास हा गुन्हा नाही. पण पुढच्या वेळी विश्वासाला चौकशीची जोड द्या.

एक गोष्ट घट्ट ध्यानात धरा. बँक वेगळी आणि पतसंस्था वेगळी. पाटी सारखी दिसते, काउंटर सारखं, पासबुक सारखं. पण बँकेत, अगदी सहकारी बँकेतसुद्धा, माणशी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला व्याजासह विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाला, त्याआधी एकच लाख होता. २०२१ मध्ये कायदा बदलला. बँकेवर निर्बंध येऊन पैसे अडकले तर विम्याचे पैसे ९० दिवसांत द्यायचे, असं ठरलं. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. सगळ्या पतसंस्था वाईट नाहीत, कितीतरी संस्थांनी अडल्या वेळी गावाला तारलंय. पण विमा नाही, हे कळून ठेवा, आणि तिथं ठेवाल तो आपला वाटा ठेवा.

कुणी म्हणाला, पाच वर्षांत दुप्पट करून देतो, तर त्याला एवढंच विचारा, सरकारचं किसान विकास पत्र २०२३ च्या दरानं ११५ महिने घेतं, साडेनऊ वर्षं, मग तू पाच वर्षांत कुठून आणतोस? उत्तरात बुवाबाजी आली, मोठ्या माणसाबरोबरचा फोटो आला, आजच भरा म्हणून घाई आली, की रामकृष्ण हरी म्हणायचं आणि उठायचं.

वारीत आपल्या बाया काय करतात? मुक्ताईच्या पालखीबरोबर महिनाभर पायी चालायचं. थोडे पैसे कमरेच्या पिशवीत, थोडे वळकटीत, थोडे दिंडीतल्या भरवशाच्या माणसाकडं. एक पिशवी गेली तरी पंढरी चुकत नाही. ही अडाणी म्हणवणारी माऊली जे करते, तेच घरच्या पैशाचं करा. आणि सगळ्यात आधी, कुठं काय ठेवलंय ते घरात सांगा. पावतीवर वारस लावा. आमच्या अहिराणीत विचारायचं तर, भाऊ, तुन्हा पैसा कोठे शे? हे बायकोला ठाऊक नसेल आणि एजंटाला ठाऊक असेल, तर तो संसार नीट चाललेला नाही.

आपल्या मराठीत शब्द किती नेमका आहे, गुंतवणूक! पैसा गुंतवा, मन गुंतवू नका. पैसा नीट ठिकाणी असला की मन मोकळं होतं, आणि मोकळं मनच पांडुरंगाला लागतं. आज घरी गेल्यावर एवढं करा. दिवाबत्ती झाली की घरच्यांना घेऊन बसा, कागद काढा, आणि एक रेघ ओढा. इकडं माझा वाटा, तिकडं कान्होबाचा. तिकडच्याला हात लावायचा नाही, कुणी कितीही टक्के सांगो.

चला, टाळ घ्या हातात. आता ताल चुकायचा नाही. विठ्ठल विठ्ठल विठ्ठल! पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!