धुराडे बुजवू नका, गळती थांबवा



मृगाचा पाऊस लागला की कौलारू घरांत एकच ओरड ऐकू येते, "सैपाकघरात गळतंय!" पाहावे तर पाणी धुराड्यापाशी टपकत असते. मग कोणी तरी वर चढतो आणि धुराड्यात पोते कोंबतो. पाणी थांबते. पण धूरही घरातच कोंडतो.

हा धूर कोणाच्या नाकातोंडात जातो? चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या, आणि तिच्याजवळ खेळणाऱ्या लेकराच्या. डोळे चुरचुरतात, खोकला लागतो, दम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की २०२० साली घरातल्या धुरापायी जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. म्हणून सांगतो, धुराडे उघडेच ठेवा. गळती तेवढी बंद करा.

आधी गळती शोधा. कोरड्या दिवशी चूल विझवा. एकाने घरात उभे राहावे, दुसऱ्याने वरून तांब्याने पाणी ओतावे. आधी धुराड्याच्या खालच्या अंगाला, मग दोन्ही बाजूंना, शेवटी वरच्या अंगाला. पाणी आत आले की आतल्याने हाक द्यावी. घरात जिथे टपकते तिथेच वर भोक असेल, असे समजू नका. पाणी लाकडावरून ओघळत दोन-दोन हात पुढे जाऊन टपकते.

फुटके कौल असेल तर बदला. धुराड्याच्या कडेने पाणी येत असेल तर जस्ताचा पत्रा बसवा. कौले कशी असतात ते आठवा. वरचे कौल खालच्यावर चढलेले असते, म्हणून पाणी घसरून जाते. पत्र्याचाही नियम तोच. पत्र्याची वरची कड वरच्या कौलांखाली वीतभर सारा. खालची कड खालच्या कौलांवर येऊ द्या. बाजूच्या कडा वर मुडपून कौलांखाली घ्या. नळीभोवती पत्रा चार बोटे उभा करा. नळीवर टोपी बसवा, पण धूर जायला मधे वीतभर जागा ठेवा. वर अडकलेला पालापाचोळा दर उन्हाळ्यात काढा.

नुसते सिमेंट थापू नका. उन्हाने कौल तापते, रात्री निवते. सिमेंटाला कडेने चीर पडते आणि पाणी पुन्हा आत येते.

आपल्या उदगीर भागात माळवदाची घरेही आहेत. तिथे साण्याभोवती गळाले की लोक वर माती टाकतात. दर साली थर चढतो, वजन वाढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळली, हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. तेव्हा नवी माती टाकण्याआधी जुनी सैल माती काढा. साण्याचा काठ उंच करा आणि पाण्याला उतार द्या.

शेवटी एक गोष्ट. ओल्या छपरावर चढू नका. कौलावर थेट पाय देऊ नका, शिडी आडवी टाकून तिच्यावर पाय द्या. कमरेला दोर बांधा. विजेची तार जवळ असेल तर लांब राहा. आणि हे काम वैशाखातच उरका. ढग आले की मिस्त्री मिळत नाही, अन्‌ पाऊस कोणासाठी थांबत नाही.