चाळीशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"मला भाषण करता येत नाही" असे म्हणून पाऊण पाऊण तास बोलणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. मला मात्र खरेच येत नाही. माझे माहेर आटपाडीकडचे. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा दोन कोसांवर, नि मुलीला सायकल कोण घेऊन देणार? तेव्हा सातवी हीच माझी पदवी. आजवर या मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे नि कॉफीच्या साखरेवर लक्ष ठेवणे. पण यंदा चिटणीसबाईंनी हट्टच धरला. विषय कोणता म्हणून विचारले, तेव्हा मी सांगितले, "चाळीशी." त्या म्हणाल्या, "वयाची की नाकावरची?" मी म्हटले, "दोन्ही."

बघा ना, आपल्या भाषेत त्या वयाला नि त्या चष्म्याला नाव एकच. दोघी बरोबरच यायच्या, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते मला एकटीला.

मला पहिली खूण सुईने दिली. तेव्हा मी ४२ वर्षांची होते. ब्लाउजला हुक लावायला बसले, तर दोरा सुईच्या नाकात जाईना. दोऱ्याला थुंकी लावून झाली, टोक कापून झाले. मी म्हटले, हल्ली दोराच हलका येतो. मग दिव्याला नावे ठेवली. यजमानांनी जास्त उजेडाचा दिवा आणून लावला, तरी नाक काही सापडेना. त्यावर मी काय युक्ती काढली, ऐका. मुलगी सकाळी शाळेला निघाली की तिच्याकडून पाच सुया ओवून घ्यायच्या नि उशीला टोचून ठेवायच्या. दुपारी शेजारणी आल्या की त्यातली एक उचलायची, नि चालली माझी शिलाई! वर्तमानपत्र दूर धरायचे, मोबाईल त्याहून दूर. मुलगी म्हणायची, "आई, तुझे हात आता पुरत नाहीत."

अशी दोन वर्षे काढली. केसांचे तर विचारूच नका. पांढरा केस दिसला की काळा करायचा, हा दर पंधरा दिवसांचा कुळाचारच झाला होता. एकदा त्या रंगाने कपाळाच्या कडेला असे फोड उठले, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पदर पुढे ओढून बसावे लागले. तुमच्यापैकी कित्येकींनी तेव्हा "किती ग सोज्वळ दिसतेस" म्हणून माझे कौतुक केले. आज कारण सांगून टाकते.

हे सगळे हसण्यावारी गेले असते. पण गेल्या वर्षी श्रावणात जे घडले ते हसण्यासारखे नाही, नि तेच सांगायला मी उभी राहिले आहे.

सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांची सकाळची गोळी मीच देते. त्यांची साखर फार खाली येऊ लागली म्हणून डॉक्टरांनी गोळी निम्मी केली होती. नाव तेच, पाकीट तसेच, फक्त दोनाच्या जागी एक मिलिग्रॅम. जुने पाकीट टाकून द्यायला हवे होते. पण पैसे मोजून आणलेली वस्तू फेकायची कशी, म्हणून मी ते डब्यातच राहू दिले. त्या सोमवारी मी पाकीट उचलले. मागचे बारीक अक्षर दिसेना. मुलगी अजून उठली नव्हती. तिला हाक मारायची मला लाज वाटली नि अंदाजाने गोळी काढून दिली.

त्यात सासूबाईंचा श्रावणी सोमवार. "करू नका" म्हणून डॉक्टरांनी बजावले होते, तरी त्यांनी दुपारी दोन घास वरीचा भात नि ताक, एवढेच घेतले. तीनच्या सुमारास मी पाहिले तर त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब, हात थरथरताहेत, नि मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारताहेत. मी नुसती "आई, आई" करत उभी. शेजारच्या वहिनी धावत आल्या, म्हणून बरे. त्यांनी पेल्यात तीन-चार चमचे साखर विरघळवली नि घोट घोट पाजली. सासूबाई शुद्धीवर होत्या म्हणून हे करता आले. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचे नाही, ते ठसक्याने जीवावर बेतते. तडक दवाखाना गाठायचा. दहा-पंधरा मिनिटांत त्यांना तरतरी आली. तरी रिक्षा करून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दोन्ही पाकिटे शेजारी ठेवली नि मला विचारले, "यातलं कुठलं दिलंत?" मी पुन्हा हात लांब केला. ते काही बोलले नाहीत. मला मात्र धरणी दुभंगावी असे झाले.

रात्री सासूबाईंच्या पायांशी बसून मी सगळे कबूल केले. मला वाटले, आता बोलणी बसणार. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, तू लग्न होऊन आलीस, तेव्हा रोज दुपारी तांदळाचं सूप तुझ्यापुढे ठेवायचे, आठवतं?"

आठवते म्हणजे काय! माहेरी गेले की माझे तेच रडगाणे असे. सासू पाटावर बसून गप्पा मारते नि नव्या नवरीला पायलीभर तांदूळ निवडायला लावते. इतकी वर्षे हे मी मनात ठेवले होते.

"मला खडे दिसतच नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "एकदा तुझ्या सासऱ्यांच्या घासात खडा आला. ते चकार शब्द बोलले नाहीत, पण ताट बाजूला सारून उठले. त्यानंतर सूप तुझ्याकडे दिलं. सांगायचं कसं? लोक म्हणतील, सून आली नि ही लगेच म्हातारी झाली."

मी हिशेब केला. तेव्हा सासूबाई ४४ वर्षांच्या होत्या. त्या दिवशी माझेही वय तेवढेच होते.

दुसऱ्याच दिवशी डोळे तपासून आले. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले, की डोळ्यातले भिंग तरुणपणी लवचिक असते, जवळचे पाहताना ते फुगते. वयाबरोबर ते ताठर होत जाते. चाळिशीच्या आसपास हे सगळ्यांचेच होते. शिवण केले, मोबाईल पाहिला म्हणून नाही, नि चष्मा लावल्याने नंबर वाढतो असेही नाही. तो साठीपर्यंत वयानेच वाढतो. मला दीड नंबर निघाला. घरी येऊन तांदूळ निवडले, तर काय बाई ते खडे! आजवर आम्ही काय काय खाल्ले कोण जाणे.

त्या रात्रीपासून सासूबाईंचे नि माझे बोलणेही मोकळे झाले. जी गोष्ट आपण कुजबुजत बोलतो, तीही मी त्यांना विचारली. भाकरी थापताना एकाएकी अंगाची आग व्हायची, घामाने पदर भिजायचा, पाळी कधी दोन महिन्यांनी तर कधी पंधरा दिवसांत. मला वाटे, काही तरी मोठा रोग लागला. सासूबाई म्हणाल्या, "मलाही अस्संच व्हायचं. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायची."

येथे पुरुष मंडळी नाहीत, तेव्हा स्पष्ट बोलते. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते. काहींची आधी, काहींची नंतर. सलग बारा महिने आली नाही म्हणजे ती गेली असे धरतात. त्यापुढे कधी नुसता डाग जरी दिसला, तरी "वयाचं असेल" म्हणून घरात बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आधीही फार अंगावर जात असेल, तर तेही सोसत बसू नका. आणि पाळी गेल्यावर हाडांतला चुना भराभर कमी होतो. आम्ही घरात नाचणी सुरू केली आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सासूबाई तिला नाके मुरडतात, पण खातात.

केस काळे करणे मी सोडले. महिनाभर चट्टेपट्टे दिसत होते, मग डोळ्यांना सवय झाली. यजमानांच्या ते लक्षातही आले नाही. त्यांच्या लक्षात आले ते एवढेच, की सकाळचे वर्तमानपत्र हल्ली त्यांच्या आधी माझ्या हातात असते. पुण्याचे सेवासदन १९०९ साली निघाले, तेव्हा रमाबाई रानडे पंचेचाळिशी ओलांडलेल्या होत्या. मी काही रमाबाई नव्हे. पण शिवणवर्गाच्या हिशेबाची वही मला द्यावी, असे मी कार्यकारिणीला सांगितले आहे. आता आकडे दिसतात.

जाता जाता एक सूचना मांडते. शिवणवर्गाच्या खणात एक नि दोन नंबराच्या दोन चाळिश्या ठेवाव्यात. आपल्या वर्गात दोघी-तिघी अशा आहेत, की सुई ओवायची वेळ आली की त्यांना नेमकी तहान लागते. मी नावे घेत नाही. त्यांनी गुपचूप लावून पाहाव्यात, नि मग डोळे तपासून स्वतःची करून घ्यावी. एका चाळिशीचे पैसे मी देते. दुसरीचे सासूबाई देणार आहेत. त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत.