मासे जगवायचे तर आधी पाणी जगवा

(पुनावळे येथे शेतकरी कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतकऱ्यांपुढे काचेच्या पेटीतील माशांविषयी बोलायचे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु पुनावळे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले आणि पाहता पाहता वावरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. गोठे रिकामे झाले. घरातील मुलांची जित्राब सांभाळण्याची हौस मात्र गेली नाही. म्हणून आज अनेक घरांत काचेची मत्स्यपेटी येते. पहिला आठवडा मजेत जातो, दुसऱ्या आठवड्यात एकेक मासा मरू लागतो आणि महिन्याभरात ती पेटी माळ्यावर पडते. पैसे जातात ते जातात, पण मुलाच्या मनाला लागते ते वेगळेच. मग आपण म्हणतो, मासे नाजूक होते. माझे सांगणे असे, की दोष बहुधा माशांचा नसतो, पाण्याचा असतो.

हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. माझ्या घरी पहिली पेटी आली तेव्हा मी दर रविवारी सर्व पाणी ओतून देत असे, खडी नळाखाली घासत असे, फिल्टरचा स्पंज साबणाने धूत असे. पेटी आरशासारखी लख्ख दिसे. एका रविवारी अशी सफाई केली आणि बुधवारपर्यंत सहापैकी पाच मासे गेले. जमिनीतील जिवाणू जपा असे शेतकऱ्यांना सांगत हिंडणारा मी, घरच्या पेटीतील जिवाणू दर आठवड्याला स्वतःच्या हाताने मारत होतो!

युरियाचे गणित पेटीतही लागू

आपण पिकाला युरिया देतो. जमिनीत त्याचा अमोनिया होतो. नायट्रोसोमोनास गटातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते पिकाला लागू पडते. अगदी हेच काम मत्स्यपेटीत चालते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया तयार होतो. हा अमोनिया माशांना विष आहे, नायट्राइटही विषारी आहे, नायट्रेट त्या मानाने सौम्य आहे. पेटीतील जिवाणू खडीवर, काचेवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. नव्या पेटीत ही वस्ती नसते. ती तयार होण्यास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. नव्या पेटीतील मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात का मरतात, त्याचे उत्तर येथे आहे.

म्हणून पहिल्याच दिवशी पंधरा मासे सोडू नयेत. तीन-चार काटक मासे सोडावेत, खाद्य अगदी कमी द्यावे आणि महिन्याभराने संख्या वाढवावी. ओळखीच्या घरी निरोगी मासे असलेली जुनी पेटी असेल तर तेथील वापरता स्पंज किंवा मूठभर खडी ओली ठेवून आणावी. दह्याला विरजण लावतो तसे हे विरजण आहे, आणि ते फुकट मिळते.

खर्च कोठे करावा

गोल काचेचे भांडे घेऊ नये. त्यात पाणी कमी मावते, त्यामुळे ते लवकर बिघडते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी साधी पेटी घ्यावी. तीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. खडी व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर राहते. भरलेल्या पेटीचे वजन ६० किलोच्या पुढे जाते, म्हणून टेबल भक्कम व सपाट हवे आणि पेटीखाली थर्माकोलची शीट अंथरावी. खिडकीतील ऊन थेट पडेल अशी जागा टाळावी. उन्हाने पाणी तापते व शेवाळ माजते.

हवेचा छोटा पंप आणि स्पंज फिल्टर यांवर मात्र काटकसर करू नये. ३ वॅटचा पंप चोवीस तास चालला तरी महिन्याला सुमारे सव्वादोन युनिट वीज लागते. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येते. दिवा दिवसातून ६ ते ८ तास पुरे. रंगीत खडी, प्लॅस्टिकचे किल्ले, बुडबुडे सोडणारे शिंपले यांची माशांना गरज नाही. विहिरीतील किंवा पाटातील हायड्रिला वनस्पती फुकट मिळते. ती पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन लावावी. ती अमोनिया व नायट्रेट शोषून घेते.

नळाचे, बोअरचे की टँकरचे पाणी?

पवना धरणाचे पाणी रावेत येथे उचलून निगडी येथे शुद्ध केले जाते व क्लोरीन देऊन आपल्याकडे पाठवले जाते. विहिरीत आपण टीसीएल पावडर टाकतो त्यातला हाच क्लोरीन. माणसाला तो रोगापासून वाचवतो, परंतु माशांचे कल्ले जाळतो आणि स्पंजातील जिवाणूही मारतो. उपाय सोपा आहे. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवले की क्लोरीन उडून जातो. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात पाणी एक दिवसाआड येऊ लागले तेव्हा घरोघरी पिंप भरून ठेवण्याची सवय लागली. माशांसाठी ही सवय सोयीचीच ठरते. मात्र डास होऊ नयेत म्हणून पिंपावर कापड बांधावे.

टँकरच्या पाण्यात क्लोरीन किती असेल याचा भरवसा नसतो. ते दोन दिवस ठेवावे व त्यात हवेचा पंप सोडावा. घाई असल्यास दुकानात मिळणारे हायपोचे खडे किंवा क्लोरीन घालवणारे द्रावण पाकिटावरील प्रमाणात वापरावे. बोअरचे पाणी बहुधा जड व क्षारयुक्त असते. ते रात्रभर हवा देऊन वापरता येते. गप्पी, मोली, प्लॅटी या माशांना ते मानवते. परंतु एक लक्षात ठेवावे, की पाणी अल्कधर्मी व गरम असेल तर अमोनिया अधिक विषारी होतो. म्हणून उन्हाळ्यात खाद्य कमी व पाणीबदल नियमित असावा.

कोणते मासे, किती मासे

४५ लिटरच्या पेटीत ६ ते ८ गप्पी पुरेत. नर व मादी एकत्र ठेवल्यास दर महिन्याला पिल्ले होतात, पेटी भरून जाते आणि पाणी बिघडते. म्हणून नवख्याने फक्त नर ठेवावेत. रंगही नरांचाच खुलून दिसतो. फायटर नर एकाच पेटीत दोन ठेवू नयेत. ते एकमेकांना जखमी करतात. गोल्डफिश लहानपणी गोंडस दिसतो, परंतु तो वीतभर वाढतो आणि घाणही पुष्कळ करतो. लहान पेटीत तो घेऊ नये.

दुकानातून आणलेली पिशवी १५-२० मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग पिशवीत पेटीतील पाणी थोडे थोडे घालावे आणि मासे जाळीने सोडावेत. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये.

रोजची व आठवड्याची कामे

रोज सकाळी पेटीपुढे दोन मिनिटे उभे राहावे, जसे आपण गोठ्यात जाऊन जनावर न्याहाळतो. मासे वर येऊन तोंडाने हवा घेत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी झाला किंवा अमोनिया वाढला असे समजावे आणि लगेच चौथाई पाणी बदलावे. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी चालतो. भात, पोळी, शेव घालू नये. पेटीतील मासे उपासाने क्वचित मरतात, लाडाने मात्र नेहमी मरतात.

आठवड्यातून एकदा नळीने तळातील गाळासह चौथाई पाणी काढावे आणि तेवढेच मुरवलेले पाणी भरावे. त्यापेक्षा जास्त बदलू नये. काढलेल्या पाण्यातच स्पंज दोन-तीनदा पिळून घ्यावा. नळाखाली धुऊ नये, साबण तर कधीच लावू नये. उरलेले पाणी तुळस, कढीपत्ता, गच्चीवरील मिरची यांना घालावे. त्यात नायट्रेट असते, म्हणजे ते सौम्य खतच होय. मीठ किंवा औषध टाकलेले पाणी मात्र झाडांना देऊ नये.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसल्यास तो परोपजीवीचा रोग असतो. दर लिटरला १ ग्रॅम खडे मीठ विरघळवून घालावे आणि दोन दिवसांत हळूहळू २ ते ३ ग्रॅमपर्यंत न्यावे. वनस्पती आधी काढून ठेवाव्यात. जनावरांची प्रतिजैविके अंदाजाने टाकू नयेत. नवीन मासे दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवले तर बहुतेक रोग घरात येतच नाहीत.

फवारणीचा हात पेटीत घालू नका

ही सूचना खास शेतकऱ्यांसाठी. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन यांसारखी कीटकनाशके माशांना अत्यंत घातक आहेत. बोर्डो मिश्रणातील तांबेही तसेच. फवारणीचे कपडे बदलून, हात-पाय धुऊन मगच पेटीजवळ जावे. घरात डासांचे किंवा झुरळांचे औषध फवारताना पेटी झाकावी आणि तेवढा वेळ हवेचा पंप बंद ठेवावा, कारण तो खोलीतील हवाच पाण्यात ओढतो.

मासे नदीत सोडू नका

कंटाळा आला म्हणून पुष्कळ जण मासे पवनेत सोडतात आणि पुण्य केले असे मानतात. तसे मुळीच नाही. दर उन्हाळ्यात पवना झाकून टाकणारी जलपर्णी आठवा. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुंदर फुलासाठी आपल्या देशात आणली गेली. आज तिच्यामुळे काय होते हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. पेटीची काच चाटणारा सकर मासाही दक्षिण अमेरिकेचाच. तो फूटभर वाढतो. देशातील अनेक नद्या-तलावांत तो पसरला असून त्याच्या काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात जाते. पुनावळ्यात सोडलेला मासा कोणाच्या जाळ्यापर्यंत पोहोचेल याचा विचार करावा. मासे नको असतील तर ओळखीच्यांना किंवा दुकानात परत द्यावेत.

पवनेत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. नदीत मैला वाढतो आणि प्राणवायू संपतो, म्हणजे आपल्या पेटीत जे घडते तेच मोठ्या प्रमाणावर घडते. ४५ लिटर पाणी स्वच्छ राखायला काय लागते हे ज्या मुलाने वर्षभर स्वतः केले, त्याला नदीविषयी वेगळा धडा शिकवावा लागणार नाही. म्हणून पेटी मुलाच्या स्वाधीन करा. एक वही द्या. पाणी कधी बदलले, खाद्य किती दिले, मासा कधी व कशाने मेला, हे त्याला लिहू द्या. या माशांचा जोडधंदा करण्याची इच्छा असणाऱ्यांनीही आधी अशी एक पेटी वर्षभर नीट चालवून दाखवावी, मगच भांडवल घालावे.