तिच्या हातात बसेल असं पुस्तक

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



स्त्रियांच्या साक्षरतेवर आपण इतकी वर्षं बोलतो आहोत. अपंग मुलींच्या वाचनाचा मात्र आपण फारसा विचार केलेला नाही. 2011च्या जनगणनेत देशातल्या अपंग पुरुषांमध्ये साक्षरता 62 टक्के होती, अपंग स्त्रियांमध्ये 45 टक्के. याची कारणं पुष्कळ आहेत. त्यातलं एक अगदी साधं आहे : पुस्तक तिला वापरताच येत नाही.

वस्तीत काम करताना मी नेहमी ऐकते, ‘ताई, हिला पुस्तकातलं काही जमत नाही.’ मी विचारते, नेमकं काय जमत नाही? सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला पातळ पानं सुटी करता येत नाहीत. पानांच्या कडेला स्पंजचे तुकडे चिकटवले की फट राहते, बोट आत शिरतं आणि पान ती स्वतः उलटते. पुस्तक उसवून पानं पुठ्ठ्यावर लावली तर आणखी सोपं.

अंधुक दिसणाऱ्या मुलीची अडचण वेगळी. अनुस्वाराचा ठिपका दिसला नाही की ‘अंग’चं ‘अग’ होतं. घ आणि ध यांतला फरक शिरोरेषेतल्या फटीएवढाच. तिला ठळक, मोठी, काळी अक्षरं हवीत. कागद न चकाकणारा, पानावर एकदोनच ओळी आणि अक्षरांच्या मागे चित्र नको.

अंध मुलीला ब्रेल हवीच. छापील ओळीजवळ ब्रेलच्या पारदर्शक पट्ट्या चिकटवल्या तर ती आणि तिची डोळस बहीण एकच पुस्तक मिळून वाचतात. चित्राऐवजी कापसाचा ढग चिकटवून भागत नाही. ढग तिने कधी हाताळलेलाच नसतो. त्यापेक्षा गोष्टीबरोबर पिशवी द्या. गोष्टीत पळी असेल तर पळी, बांगडी असेल तर बांगडी.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीसाठी वाक्यं छोटी करा, पण चौदा वर्षांच्या मुलीला चिऊकाऊतच अडकवून ठेवू नका. पाळी, स्वतःचं शरीर, नको असलेला स्पर्श यांवरचं पुस्तकही तिला समजेल अशा रूपात मिळालं पाहिजे. जिला ‘नको’ हा शब्द वाचता, दाखवता येतो, तिच्या हातात स्वतःच्या रक्षणाचं एक साधन असतं.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं करतं कोण? बहुतेक घरांत आई. रात्री भांडी आटोपून ती पुठ्ठे कापत बसते. तिच्या या श्रमांना कुणी काम म्हणत नाही, आणि ती थकली की मुलीचं वाचन थांबतं. आईच्या मायेचं कौतुक करून आपण शाळेला मोकळं सोडतो.

कायदा काय म्हणतो? अपंग व्यक्ती हक्क कायदा, 2016च्या कलम 17 प्रमाणे 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना 18 वर्षांपर्यंत पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि योग्य साधनं मोफत पुरवण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर आहे. ‘पुस्तकात बदल केला तर प्रकाशक खटला भरेल’ अशी भीती काहींना वाटते. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तींना वाचता यावं म्हणून, नफा न कमावता, पुस्तक त्यांच्या सोयीच्या रूपात तयार करायला आता मुभा आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असतात. आपल्यापैकी कितीतरी जणी तिथे बसतात. पुढच्या बैठकीत विचारा : आपल्या शाळेत अपंग मुली किती? त्यांच्या हातात कोणती पुस्तकं आहेत? अशी पुस्तकं तयार करण्याचं काम बचत गटांना द्या म्हणावं, पण रीतसर मजुरी देऊन. आणि नमुना त्या मुलींच्याच हाती देऊन पाहा. पान उलटतं का, अक्षर दिसतं का, गोष्ट आवडली का, हे त्याच सांगतील.